खुर्च्या अकोल्यात, टेबल अमरावतीत

पऱ्हाटीला शेवटची बोंडं उरली की मला एस्तरमावशींची आठवण येते. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. आमच्याकडे वेचणी संपली की ती उपटतात आणि वर्षभर चुलीत जाळतात. तिच्यात बघण्यासारखं काही असतं हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आता डिसेंबर लागला की मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून उगाच एखादं झाड निवडते. हे मावशींना आवडलं असतं. हे नसतं आवडलं, याला फांद्या फार आहेत. मावशी आता नाहीत, त्यामुळे निवडलेलं झाड जागेवरच राहतं.

मी मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. अमरावतीला प्रवेश मिळाला, पण होस्टेलमध्ये जागा नव्हती. गावातल्या एका मास्तरांनी सांगितलं की एक रिटायर बाई एकट्या राहतात, शिकणाऱ्या मुलीला मागची खोली देतात. त्या बाई म्हणजे एस्तरमावशी. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिवणकाम शिकवलं होतं. लग्न केलं नव्हतं. उंच, सडपातळ, अंगावर फिकट सुती साडी, आणि खांद्याजवळ पदरात खोचलेली एक सुई, कायम दोरा ओवलेली. कोणाच्या शर्टाचं बटण लोंबताना दिसलं की त्या बोलता बोलता त्याला उभं करून ते टाचून द्यायच्या. पोस्टमन, भाजीवाला, त्यांच्या चर्चचे पाळकसुद्धा यातून सुटले नव्हते. "हलू नको, टोचन," एवढंच म्हणायच्या आणि दातांनी दोरा तोडायच्या.

त्यांच्या घरात शिरलं की पहिल्यांदा दिसायचं ते टेबल. बैठकीची खोली तशी लहान, आणि टेबल एवढं मोठं की त्याला वळसा घालूनच आत जावं लागायचं. मेळघाटच्या सागाचं, काळपट झालेलं. त्याच्याभोवती मात्र एकासारखी एक बसायची वस्तू नव्हती. एक प्लॅस्टिकची खुर्ची, शिलाई मशीनचं स्टूल, लोखंडी बाक, आणि संत्र्याची एक लाकडी पेटी पालथी घातलेली.

माझी आई मला सोडायला आली होती. आम्ही दोघी त्या टेबलाकडे बघत उभ्या राहिलो. टेबलावर जेवणं आम्ही लग्नाच्या बुफेशिवाय कुठे पाहिलं नव्हतं. आईनं विचारलं, "बाई, हे कायचं?"

"जेवाचं. पण आता पोरगी अभ्यास करन याच्यावर," मावशी म्हणाल्या. "खाटेवर वाकून वाचलं की पाठीचा विळा होते."

आईनं हे ऐकलं आणि कमरेची पिशवी काढली. तिच्यात देवळातली हळदीकुंकवाची पुडी होती. मला काही कळायच्या आत तिनं टेबलाच्या कडेला दोन बोटं ओढली, एक पिवळं, एक लाल, आणि हात जोडले. पोरगी जिथं अभ्यास करणार ती जागा म्हणजे तिच्या दृष्टीनं सरस्वतीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर भिंतीवर येशूचं चित्र होतं आणि खाली माझी आई टेबलाची पूजा करत होती. मी पुढे होऊन ओढणीनं पुसायला गेले.

मावशींनी माझा हात धरला. "राहू दे. या टेबलावर लोक जेवले, पोरी शिवण शिकल्या, माह्या बापाले याच्यावरच ठेवलं होतं शेवटी. पण याच्या पाया कोणी पडलं नव्हतं." मग आईकडे वळून म्हणाल्या, "बसा. चहा ठेवते."

आई पेटीवर बसली. खुर्चीवर बसायला तिला संकोच वाटला असणार. मावशींनी ते ओळखलं आणि स्वतः प्लॅस्टिकच्या खुर्चीवर न बसता स्टुलावर बसल्या. त्या दिवशी ती खुर्ची रिकामीच राहिली.

ती दोन बोटं पुढेही तशीच होती. मावशी रोज टेबल पुसायच्या, तेवढी जागा सोडून.

---

टेबलाची हकिकत मला हळूहळू कळली. मावशींचे वडील, ज्यांना त्या आबा म्हणत, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. टेबल आणि त्याच्या वेताच्या सहा खुर्च्या त्यांनी एकाच सुताराकडून करून घेतल्या होत्या. आबा गेले तेव्हा दोन मुली मागे राहिल्या. थोरली रूथ, लग्न होऊन अकोल्याला, जुन्या शहरात. धाकटी एस्तर, अमरावतीला. आबा एवढंच म्हणून गेले होते की टेबल-खुर्च्या दोघींच्या. कोणाचं काय ते बोलले नव्हते. मग एक दिवस मावशी शाळेत असताना रूथमावशींचे यजमान गाडी घेऊन आले आणि खुर्च्या घेऊन गेले. टेबल दुसऱ्या खेपेला न्यायचं असं ठरलं असावं. मावशी घरी आल्या, उघडं पडलेलं टेबल त्यांनी पाहिलं, आणि दुसरी खेप झाली नाही.

"त्यांनी विचारलं असतं तर मी दोन्ही दिलं असतं," मावशी सांगायच्या. "विचारलं नाही, म्हणून टेबल नाही."

दोघी बहिणी बोलत नव्हत्या असं नाही. ईस्टरला फोन व्हायचा, कोणी आजारी पडलं की व्हायचा. पण एकमेकींच्या घरी जेवायला गेल्या नव्हत्या. मी एकदा भीत भीत म्हटलं, "मावशी, तुम्हीच का नाही जात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोप्या गणितात चुकले होते. "टेबल हलत नाही. खुर्च्या हलतात. ज्याचं हलते त्यानं यावं."

हा त्यांचा नियम होता, आणि तो बदलायला त्या तयार नव्हत्या. पण नाताळ जवळ आला की त्यांचं वागणं मला वेगळं दिसायचं. दारावर रिक्षा थांबली तर हातातलं काम थांबायचं. रिक्षा पुढे गेली की सुरू व्हायचं. मी पाहिलं नाही असं दाखवायचे.

---

पहिल्या वर्षी दिवाळीहून परत यायच्या आधी मावशींचा फोन आला. "तुमच्या वावरात कापूस हाये ना? नाताळाच्या आधी घरी जाशीन तेव्हा एक झाड घेऊन ये. मुळासकट नको. बुडातून काप. बोंडं फुटलेली पाहिजेत, पण वेचलेली नको."

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. उभं, फुटलेलं झाड, कापूस न वेचता कापायचं, हे त्यांच्या हाताला जमणारं नव्हतं. "बाई मास्तरीण हाये ना?" त्यांनी विचारलं. "मंग काही तरी कारण असन." आणि नाताळाच्या दोन दिवस आधी ते स्वतः वावरात गेले, धुऱ्याच्या कडेचं एक झाड निवडलं, कापलं, आणि बोंडं गळू नयेत म्हणून आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. मी ते एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं येऊन विचारलं, "हे काय, नवरी घेऊन चालली का?" सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मावशींनी लुगडं सोडलं आणि झाड उजेडात धरून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. पानं सगळी काढून टाकली. राहिल्या नुसत्या तपकिरी काटक्या, आणि त्यांच्या टोकांवर पांढरा कापूस.

"आमच्या इथं बर्फ कोठून येणार," त्या म्हणाल्या. "आबा म्हणायचे, देवानं वऱ्हाडाले जो बर्फ देल्ला तो हाच."

मी मात्र त्याच दिवशी बाजारातून काही आणलं होतं. मावशी खोलीचं भाडं घ्यायच्या, पण रोजचा स्वयंपाक त्या आम्हा दोघींचा करायच्या, त्याची जाणीव माझ्या मनात होती. चमकीच्या झिरमिळ्या, लाल-हिरव्या माळा, आणि प्लॅस्टिकची एक चांदणी. मला वाटलं ख्रिस्ती लोकांचा सण म्हणजे हे लागतच असणार. मी ते सगळं टेबलावर पसरलं. मावशींनी एकेक वस्तू उचलून पाहिली. त्यांना ते टेबलावर नको होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला लगेच समजलं. पण त्या म्हणाल्या, "हे दाराले लावू. रस्त्यावरून जाणाऱ्याले दिसलं पाहिजे का आज या घरी सण हाये." आणि स्टुलावर चढून त्यांनी चांदणी स्वतः दारावर बांधली. पुढच्या वर्षी तीच चांदणी त्यांनी ट्रंकेतून काढून पुन्हा बांधली. ती मी आणली होती, हे त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या.

टेबल मांडायचं काम सकाळच्या उपासनेआधी व्हायचं. त्याची एक रीत होती. आदल्या दिवशी मांजरपाटाची पांढरी चादर भाताच्या पेजेची खळ देऊन वाळत घालायची. सकाळी तिला कडक इस्त्री. ती अंथरताना एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. घडीची रेघ बरोबर टेबलाच्या मधून गेली पाहिजे. मग मोर्शीची संत्री. मावशींची एक जुनी विद्यार्थिनी, कुंदाताई, मोर्शीला संत्र्याच्या बागायतदाराकडे दिली होती. ती दरवर्षी पेटी घेऊन यायची, आणि मावशींच्या सांगण्यावरून संत्री देठासकट, दोन-दोन पानं ठेवून तोडलेली असायची. ती रेघेवर एका ओळीत मांडायची. गोळा करून ढीग करायचा नाही. मधे मधे दिवाळीच्या मातीच्या पणत्या, धुऊन कोरड्या केलेल्या. बास. याहून जास्त काही नाही.

मला ते फार रिकामं वाटलं. मी म्हटलं, "अजून फुलं ठेवू का? शेवंती आहे मागे."

"टेबलावर कमी, ताटात जास्त," मावशी म्हणाल्या. मग त्या बाकावर बसल्या आणि मला समोर स्टुलावर बसवलं. "दिसून राहिलं का माह्यं तोंड?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मंग झालं. सण तोंडं पाहाले असते. मधी काही आलं का माणूस मान वाकडी करून बोलते, आणि मंग बोलतच नाही."

पऱ्हाटी मात्र उंच होती. तिला त्यांनी आबांच्या पितळी लोट्यात रोवलं, लोट्यात खडे भरून, आणि टेबलाच्या एका टोकाला ठेवलं. त्या टोकाला कोणी बसत नसे. मी विचारलं, "इथं कोणाचं तोंड झाकत नाही का?"

"रूथची जागा हाये ती," त्या म्हणाल्या. "रूथ आली का झाड खाली ठेवू."

हे त्या अगदी सहज म्हणाल्या, लोट्यातले खडे दाबत.

---

दुपारी लोक यायचे. पाळक आणि त्यांच्या पत्नी, कुंदाताई, आणि शेजारी राहणारे घड्याळवाले रज्जाकभाई. "सलाम, सलाम," करत सगळे आत यायचे. आमच्याकडच्या ख्रिस्ती लोकांत एकमेकांना भेटल्यावर सलाम म्हणतात, आणि रज्जाकभाई दरवर्षी म्हणायचे, "या घरात मला माझंच वाटते बघा." मटणाचा रस्सा, पोळ्या, भात, आणि मग फराळ. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. आपल्या दिवाळीसारखंच सगळं. केक मावशी घरी कालवायच्या आणि बेकरीच्या भट्टीत भाजून आणायच्या.

रज्जाकभाईंना बसायला नेहमी ती पालथी संत्र्याची पेटी मिळायची. ते बसायचे, दोनदा इकडे तिकडे व्हायचे, आणि म्हणायचे, "आपा, अकोल्याच्या खुर्च्या कधी येऊन राहिल्या? माही कंबर आता पेटीवर बसाले राजी नाही."

"येतील."

"मागच्या साली बी येतील म्हटलं होतं."

"तुमी घड्याळं दुरुस्त करून कधी देता ते मी विचारते का?"

सगळे हसायचे. मावशीही हसायच्या. आणि हसता हसता त्यांची नजर एकदा टेबलाच्या त्या टोकाकडे जायची, पऱ्हाटीच्या मागे, जिथे भिंत होती.

मी त्या टेबलावर जेवायला शिकले असं म्हणता येईल. सुरुवातीला मला समोरच्याकडे बघून जेवता येत नव्हतं. आमच्या घरी आधी बाबा जेवतात, मग आम्ही, मग आई, चुलीजवळ, एकटी. आई जेवताना कशी दिसते हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. हे मी मावशींना एकदा बोलून गेले. पुढच्या वेळी आई आली तेव्हा त्यांनी तिचं ताट माझ्या समोर मांडलं, आणि स्वतः काही तरी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत.

---

तिसऱ्या वर्षी, डिसेंबरच्या सुरुवातीला, रूथमावशींचा मुलगा सुनीलदादा यांचा फोन आला. रूथमावशी न्हाणीत घसरल्या होत्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं होतं, पण वय पाहता आता खाटेवरच, असं डॉक्टर म्हणाले होते.

मावशींनी फोन ठेवला आणि टेबल पुसायला घेतलं. ते सकाळीच पुसलेलं होतं.

काही दिवसांनी, एका संध्याकाळी मी टेबलावर वाचत बसले होते. त्या समोर येऊन बसल्या. "खुर्च्या हलतात असं मी म्हणत होती," त्या म्हणाल्या. "आता त्या बी नाही हलणार."

मी म्हटलं, "तुम्ही भेटायला जा ना, मावशी."

"भेटाले तर जाईनच. भेटाले कोणीबी जाते." त्यांनी टेबलाच्या लाकडावर हात फिरवला. "मले तिच्यासंग जेवाचं हाये. याच्यावर."

नाताळच्या पहाटे दारात छोटा हत्ती टेम्पो उभा राहिला. दरवर्षीची सकाळची उपासना मावशी पहिल्यांदा चुकवत होत्या. पाळक आदल्या दिवशी येऊन समजावून गेले होते. "देव अकोल्यातबी असन ना," मावशींनी त्यांना सांगितलं होतं. रज्जाकभाई आणि गल्लीतली माणसं आली, टेबल उचललं. त्याचे पाय निघणारे नव्हते, जुन्या सुतारानं सांध्यात लाकडाच्याच खुंट्या ठोकल्या होत्या. म्हणून ते टेम्पोत पालथं घातलं, चारी पाय आभाळाकडे. रज्जाकभाईंनी दोरी आवळली आणि म्हणाले, "आपा, मी आता कशावर जेवू?"

"पेटी ठेवून चालली ना तुमच्यासाठी."

मी नाताळाच्या सुट्टीत घरी जाणारच होते. मूर्तिजापूर रस्त्यावरच, तिथे उतरायचं असं ठरलं होतं. पुढे ड्रायव्हर, मधे मी, आणि दाराशी मावशी, मांडीवर लोटा आणि त्यात बाबांनी एसटीनं पाठवलेली पऱ्हाटी. बडनेऱ्याच्या पुढे गेल्यावर ड्रायव्हरला राहवलं नाही.

"मावशी, टेबल काहून नेऊन राहिले? अकोल्यात भेटत नाही का?"

"भेटते. पण याच्या खुर्च्या तिथं हायेत."

"मंग खुर्च्याच आणल्या असत्या. हलक्या असतात."

मावशी बाहेर बघत होत्या. "तेच म्हणत होती मी इतके वर्षं," त्या म्हणाल्या.

मूर्तिजापूरला चहा घेतला. "उतर तू," मावशी मला म्हणाल्या. "घरी वाट पाहत असतील." मी पिशवी उचलली, मग खाली ठेवली. मी म्हटलं, मी अकोल्यापर्यंत येते, तिथून परत फिरेन. त्यांनी नको म्हटलं नाही. "ये मंग. चादरीचं दुसरं टोक कोणीतरी धराले पाहिजे."

---

मोर्णेचा पूल ओलांडून टेम्पो जुन्या शहरात शिरला आणि एका गल्लीच्या तोंडाशी थांबला. पुढे जाणारच नव्हता. मावशींनी सुनीलदादांना आधी कळवलं होतं. त्यांनी आणि चार शेजाऱ्यांनी टेबल खांद्यावर घेतलं. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. घरापर्यंत आणलं, आणि दारात अडलं. सरळ धरलं, आडवं धरलं, एका बाजूवर उभं केलं. पाय आत गेले की फळी अडायची, फळी आत गेली की पाय. मावशी बाजूला उभ्या होत्या. "दार मोठं होतं याचं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मोठं होतं." त्या घरी त्या किती वर्षांनी येत होत्या, ते मला तेव्हा जाणवलं. त्यांच्या आठवणीतलं दार मोठं झालं होतं.

सुनीलदादा कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "मावशी, राहू दे. आत छोटा टेबल आहे."

तेवढ्यात दाराशेजारच्या खिडकीतून आवाज आला, जाडसर, अगदी मावशींसारखाच. "काय गोंधळ हाये रे?"

खिडकीला लागूनच रूथमावशींची खाट होती. गजांच्या पलीकडे, उशांना टेकून त्या बसल्या होत्या. पांढरे केस, तीच उंच मान.

"टेबल आणलं," मावशी गल्लीतूनच म्हणाल्या. "आत येत नाही."

"टेबलबी तुह्यासारखंच. दारापर्यंत येते आणि अडते."

गल्लीत कोणीतरी हसलं. मावशी हसल्या नाहीत. त्या टेबलाजवळ गेल्या, शेजाऱ्यांना म्हणाल्या, "ठेवा खिडकीपाशी. भिंतीले भिडवून."

टेबल सरळ करून खिडकीखाली ठेवलं. गल्लीत आता फक्त एक माणूस जाईल एवढी वाट उरली. रूथमावशी गजाला धरून पुढे वाकल्या. त्यांना टेबलाची कड दिसली.

"आबाच्या टेबलाले हे काय लावलं? हळदीकुंकू?"

"हिच्या मायनं लावलं." मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पाहुणीनं लावलेलं पुसत नाही."

रूथमावशींनी मला निरखून पाहिलं. मी "सलाम" म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं होतं. "सलाम, बाई," त्या म्हणाल्या. आणि मुलाला, "सुनील, उभा काय हायेस? खुर्च्या आण."

खुर्च्या आल्या. त्यांच्यावर जुन्या साड्यांची खोळ होती. सुनीलदादा खोळ काढत मला हळूच म्हणाले, "यांच्यावर आई कोणाला बसू देत नाही. माझी मुलंसुद्धा बसली नाहीत." मावशींनी एका खुर्चीवर हात फिरवला आणि थांबल्या.

"वेत नवा हाये."

"मांगच्या साली विणून घेतला," आतून आवाज आला.

"काहून?"

"तुह्याकडं आणाच्या होत्या ना. फाटक्या कशा आणणार?"

मावशींनी खुर्चीची पाठ धरली होती, ती तशीच धरून ठेवली. "मंग आली काहून नाही?"

"तू बोलावलं काहून नाही?"

"आपल्याच बापाच्या टेबलावर बोलावणं लागते?"

"लागते," रूथमावशी म्हणाल्या. "म्हातारपणी लागते."

मावशींनी पदरातली सुई काढली, पाहिली, आणि परत खोचली. मग मला म्हणाल्या, "धर टोक."

आम्ही चादर अंथरली. घडीची रेघ मधोमध, खिडकीकडून गल्लीकडे. संत्री एका ओळीत, पानं वर. पणत्या. सुनीलदादांच्या पत्नीनं आतून रश्शाचं पातेलं आणलं. मावशींनी लोटा उचलला आणि सवयीनं टेबलाच्या टोकाला ठेवला. ते टोक खिडकीला लागलेलं होतं. मग त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. वेत करकरला. इतक्या वर्षांनी त्या टेबलाला त्याची खुर्ची लागली होती.

मला तिथेच थांबायचं होतं. पण बाबांचा दोनदा फोन येऊन गेला होता, आणि गावाची गाडी चुकली असती. मावशींनी उठून माझ्या पिशवीत दोन संत्री टाकली. माझ्या कुर्त्याच्या बाहीची शिवण उसवली होती, ते त्यांनी पाहिलं, सुईकडे हात नेला, मग म्हणाल्या, "जा, आल्यावर शिवू."

त्या अमरावतीला परत आल्या नाहीत. बहिणीजवळच राहिल्या. मी परीक्षेत अडकले, आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत उन्हाळा आला, आणि एका दुपारी सुनीलदादांचा फोन आला. ताप होता म्हणे, थोडाच. झोपेत गेल्या. रूथमावशी अजून आहेत. टेबल पावसाळ्यात गल्लीतच होतं, त्याच्यावर ताडपत्री घातली होती, असं मी ऐकलं. ती बाही मी अजून शिवलेली नाही.

म्हणून मला मावशी दिसतात त्या गल्लीच्या टोकावरून. मी वळणापर्यंत गेले आणि मागे पाहिलं. कोणीतरी पणत्या लावल्या होत्या, दिवसाउजेडी त्यांच्या ज्योती जेमतेम दिसत होत्या. मावशी जेवायला बसल्या होत्या, पण जेवत नव्हत्या. मान एकदा डावीकडे करून, एकदा उजवीकडे करून खिडकीत बघत होत्या. खिडकीतूनही कोणीतरी तसंच करत होतं. मग मावशी उठल्या. टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी गेल्या, दोन्ही हातांनी पऱ्हाटीचा लोटा उचलला, बोंडं हलू नयेत म्हणून सावकाश वाकल्या, आणि तो खाली, जमिनीवर ठेवला.